तरुण आणि गोठा: तयार गाईपासून घरच्या कालवडीपर्यंतची पार्श्वभूमी

तरुणांनी गोपालनात यावं, असं आवाहन आज सरकार करतं, दूध संघ करतात, बँकाही करतात. दोन-तीन पिढ्यांपूर्वी असं आवाहन करायची गरजच नव्हती. गाय पाळायची ती प्रामुख्याने बैलासाठी. खिल्लार, डांगी, लाल कंधारी या जाती औताच्या आणि गाडीच्या कामासाठी टिकवल्या गेल्या, दूध घरापुरतं. गोऱ्हा वाढवणं, त्याला जुंपायला शिकवणं हे घरातल्या पोराचं काम शेतीबरोबर आपसूकच यायचं. ट्रॅक्टर आला आणि ते सुटलं.

दुधाच्या धंद्याची गोष्ट मुंबईपासून सुरू होते. शहरातले तबेले हटवून म्हशी गोरेगावात नेण्यासाठी १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली. तबेल्याचं गणित साधं आणि क्रूर होतं: ताजी व्यालेली म्हैस आणायची, दूध असेतो ठेवायची, भाकड झाली की काढायची. पारड्याला दूध पाजणं तोट्याचं, त्यामुळे पारडी मरायची. तयार जनावर विकत घ्यायची ही सवय पुढे गावाकडच्या गोठ्यांतही शिरली. आजच्या बऱ्याच बुडालेल्या गोठ्यांचं मूळ आम्हाला तिथेच दिसतं.

दुसरी वाट सहकाराची. कोल्हापूरचा ‘गोकुळ’ संघ १९६३ चा. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ ही पशुपैदास आणि ग्रामविकासाची संस्था स्थापन केली. होलस्टीन आणि जर्सी या विदेशी जातींच्या संकरातून, गोठ्यावर येऊन केलेल्या कृत्रिम रेतनातून दुधाळ कालवड शेतकऱ्याच्याच दावणीला जन्मू लागली. १९७० पासून दुग्धमहापूर योजना आली. जिरायती गावातल्या पोराला दर दहा दिवसांनी हातात पैसा दिसू लागला. बाईमाणसाच्या कष्टावरच हे उभं राहिलं, हेही नोंदवायला हवं.

२०१० मध्ये नाबार्डमार्फत दुग्धउद्योजकता योजना आली. दहा जनावरांपर्यंतच्या गटाला २५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ३३.३३ टक्के अनुदान. सुशिक्षित पोरं यात उतरली आणि अनेकांनी एकच चूक केली: सगळ्या गाई एकदम घेतल्या. एकदम घेतलेल्या गाई एकदमच आटतात; दूध थांबतं, खुराक आणि हप्ता थांबत नाही. पाच आता, पाच सहा महिन्यांनी, असं घेतलं तर वर्षभर दूध राहतं. त्याच योजनेत वीसपर्यंत कालवडी वाढवण्याचाही घटक होता. पण लगेच दूध नाही, म्हणून तिकडे बघायला कोणी फारसं उत्सुक नसायचं.

कालवड मात्र सांभाळायची तर पहिल्या दिवसापासून. जन्मताच नाळ बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून कापायची, टिंक्चर आयोडीन लावायचं. अर्ध्या-एक तासात चीक पाजायचा. पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहा टक्के, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर, दोन-तीन वेळांत विभागून. गाईचा वार (जार) पडेपर्यंत पाजायचं नाही, हा जुना समज वासरं मारतो, कारण चिकातली प्रतिकारशक्ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते. दहा-पंधरा दिवसांनी जंताचं पहिलं औषध, दुसऱ्या आठवड्यापासून थोडा वासरांचा खुराक आणि पाणी. नुसत्या दुधावर ठेवलं तर कोठीपोट (चारा पचवणारं मोठं पोट) वाढत नाही आणि दूध तोडलं की वासरू खचतं. चार ते आठ महिन्यांत गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला रोगाची लस, फक्त मादी वासरांना, एकदाच.

संकरित कालवड वजन बघून भरवायची, म्हणजे तिला रेतन करायचं, वय बघून नाही: साधारण २५० किलोच्या पुढे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, उणे १९६ अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमधून काढून ३७ अंश पाण्यात अर्धा मिनिट धरावी लागते. हातावर चोळून वितळवली की शुक्राणू मरतात आणि गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. एक माज हुकला तर एकवीस दिवसांची वैरण फुकट.

२०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर संकरित गोऱ्ह्याला गिऱ्हाईक उरलं नाही. त्यामुळे लिंगनिर्धारित कांड्यांची मागणी वाढली: सुमारे नव्वद टक्के मादी वासरं, गर्भधारणा मात्र साध्या कांडीपेक्षा कमी. म्हणून त्या निरोगी कालवडीवर वापराव्यात, उलटणाऱ्या गाईवर नाहीत.

गंमत म्हणजे तरुण दावणीकडे वळले ते भलत्याच कारणाने. २०१४ पासून बंद असलेल्या बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि खिल्लार गोऱ्ह्याला पुन्हा भाव आला. ही पोरं खुराक, व्यायाम, खुरं सगळं चोख बघतात. पण शर्यतीचा पैसा मोजक्या बैलांनाच मिळतो, आणि खिल्लार गाईच्या दुधावर घर चालत नाही.

२०२१ नंतर राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये जातिवंत पैदास केंद्रांना ५० टक्के भांडवली अनुदान आलं, तेही दोनशे गाईंच्या गोठ्याला. दोन एकरवाल्याच्या पोराचा प्रश्न वेगळा आहे: जन्मलेली कालवड व्यायला सव्वादोन ते अडीच वर्षं लागतात, आणि तोवरचा खुराक त्याने कशातून द्यायचा? जुन्या एक-दोन गाईंचं दूध चालू ठेवून, दर वर्षी एकच कालवड राखत गेलेले गोठे हा काळ कर्जाशिवाय काढताना दिसतात.