जुनं रील टाकून देण्याआधी एवढं तपासा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीला येणारं मासेमारीचं स्पिनिंग रील सहसा दोन तऱ्हेचं असतं. एक तर वर्षानुवर्षं तेलाचा थेंब पाहिलेला नसतो, नाही तर कुणीतरी एकदाच पोटभर तेल पाजलेलं असतं. दुसऱ्या तऱ्हेची जास्त येतात. म्हणून हे पत्रक. यातलं बहुतेक काम बॉडीचे स्क्रू न खोलता घरच्या घरी होतं.

हँडलची खरखर

स्पूल (दोरी गुंडाळायची चकरी) काढून बाजूला ठेवा आणि हँडल अगदी सावकाश फिरवा. बोटांना खरखर लागते का आणि एका फेऱ्यात किती वेळा लागते, ते मोजा. रीलवर ५.२:१ असा काहीतरी आकडा छापलेला असतो. हँडलचा एक फेरा झाला की रोटरचे (स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाचे) पाचांहून थोडे जास्त फेरे होतात, असा त्याचा अर्थ. खरखर फेऱ्याला एकदाच, ठरावीक जागी येत असेल तर दोष मोठ्या गिअरमध्ये किंवा हँडलच्या बाजूच्या बेअरिंगमध्ये. एका फेऱ्यात पाच-सहा वेळा टोचत असेल तर पिनियन (रोटर फिरवणारा छोटा गिअर) किंवा रोटरखालचं बेअरिंग बघायचं. स्पूलचा दांडा वर-खाली होताना एका ठिकाणी अडत असेल तर दांडा वाकलाय का ते आधी पाहा. गाडीच्या डिकीत दाबून नेलेल्या रीलांचं असं होतं.

मोकळं फिरवताना गुळगुळीत, पण काठीवर ओढ आली की करकर, हे लक्षण वाईट. गिअरचे दात झिजलेत. मोठा गिअर आणि पिनियन जोडीनंच बदलावे लागतात. झिजलेल्या पिनियनवर नवा गिअर बसवला तर नवाही लवकर जातो. हँडलचा बोल्ट वगैरे उद्यमबागेत लेथवर करून मिळतो, पण गिअरचे तिरके दात एका रीलसाठी काढून घेणं परवडत नाही. त्याच मॉडेलचं दुसरं मोडकं रील मिळालं तर त्यातली जोडी काढून बसवू. नाही मिळालं, तर पैसे घालू नका असंच आम्ही सांगतो.

रोलर

दोरी बेलवरून (रोटरवरच्या तारेच्या कमानीवरून) वळून स्पूलकडे येते तिथला छोटा रोलर कुणी बघतच नाही, आणि निम्मी रड तिथंच असते. सौंदत्तीकडची काळी माती आत शिरून वाळली की रोलर जाम होतो. तो फिरेनासा झाला की तंगुसाची दोरी त्याच्यावर घासत येते, दोरीला पीळ पडतो आणि रोलरवर खाच पडते. ही खाच डोळ्याला दिसत नाही. कापसाचा बोळा रोलरवरून फिरवून बघा. एखादा तंतू अडकला की दोरी तिथंच कापली जातेय हे नक्की. काठीच्या कड्यांवरूनही तोच बोळा फिरवा. काठापर्यंत आलेला कटला दोरी तोडून गेला की सगळे दोरीला शिव्या घालतात. रोलरकडे कुणाचं लक्ष जात नाही. खाच पडलेला रोलर बदलायचा, घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडायचं नाही. नुसता जाम असेल तर एका स्क्रूनं सुटतो. रॉकेलमध्ये धुऊन वाळवायचा, एक थेंब पातळ तेल, बस्स.

पीळ पडायचं दुसरं कारण हाताचं आहे. मासा ड्रॅगवर (ओढ वाढली की दोरी सोडणाऱ्या ब्रेकवर) दोरी ओढून नेत असताना हँडल फिरवत राहिलात तर प्रत्येक फेऱ्याला दोरीत पाच पीळ भरतात. तो नेतोय तोवर हात थांबवा. पडलेला पीळ काढायला गळ, वजन सगळं सोडवा, दोरी वाहत्या पाण्यात लांब सोडून थोडा वेळ राहू द्या आणि चिमटीत धरून गुंडाळा. हिडकलच्या साचलेल्या पाण्यात हे जमत नाही, घटप्रभेच्या किंवा दूधगंगेच्या धारेत जमतं.

स्पूल काठोकाठ भरू नका, काठाखाली दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवा.

सकाळी सटकतं, दुपारी नीट चालतं

जानेवारीत ही तक्रार हमखास येते. हँडल उलटं फिरतं, गळ मारला की झटका वाया जातो, आणि ऊन तापलं की सगळं ठीक. उलटं फिरू न देणारा क्लच बारीक रोळ्यांचा असतो. त्यात ग्रीस गेलं की गारठ्यात ते घट्ट होतं आणि रोळे पकड घेत नाहीत. क्लच धुऊन कोरडा केला की रील पूर्ववत होतं. त्याला ग्रीस कधीच लावायचं नाही. फार तर पातळ तेलाचा हात फिरवायचा.

खोबरेल तेलाचंही तेच. ते २४-२५ अंशांखाली गोठतं, आणि बेळगावची थंडीतली पहाट त्याहून किती गार असते हे तुम्हाला सांगायला नको. शिलाई मशीनचं तेल चालतं: रोलर, बेलचे दोन्ही सांधे आणि हँडलची मूठ, प्रत्येकी एक थेंब. गिअरला हलकं ग्रीस, दातांवर पातळ थर. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरलं तर हँडल जड होतं. गंज सोडवायचा स्प्रे आत मारला तर असलेलं ग्रीसही धुऊन निघतं. पेट्रोलनं धुऊ नका, प्लॅस्टिक खराब होतं.

बेल

बेल हातानं मिटा. हँडलच्या झटक्यानं रोज मिटवली की स्प्रिंग आणि खटका लवकर जातात. गळ टाकताना बेल आपोआप पडत असेल तर स्प्रिंग थकली. काम किरकोळ आहे.

ड्रॅग

दोरी सरसर न जाता थांबून-थांबून, हिसके देत जात असेल तर वॉशर सुकलेत किंवा चेपलेत. स्पूलवरची चकती काढली की आत तारेची रिंग आणि त्याखाली धातूचे आणि नमद्याचे (फेल्टचे) किंवा कार्बनचे वॉशर एकाआड एक असतात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या; क्रम चुकला तर ड्रॅग लागणारच नाही. नमद्याला ड्रॅगचं ग्रीस मुरवायचं, कार्बनला अगदी पुसटसं. चेपून टणक झालेला नमदा बदलाच.

किती आवळायचं? दोरीच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा. पाच किलोची दोरी असेल तर सव्वा ते दीड किलोच्या आसपास. रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा दोरीला बांधून, काठी वाकवून ओढून बघा. अंदाजानं आवळणाऱ्यांचा अंदाज नेहमी जास्तच असतो. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा.

चोर्ल्यातून गोव्याला, आंबोलीतून वेंगुर्ल्याला जाणाऱ्यांसाठी

नदीवर वर्षभर टिकणारं रील खाऱ्या पाण्याच्या एका रविवारात जाऊ शकतं. परत आल्यावर त्याच रात्री ड्रॅग घट्ट करून नळाच्या बारीक धारेखाली धुवा. बादलीत बुडवायचं नाही, सर्व्हिसिंगच्या प्रेशर पाइपखाली तर नाहीच. जोराच्या पाण्यानं मीठ आणि वाळू आत ढकलली जाते. मग झटकून, ड्रॅग पुन्हा सैल करून सावलीत वाळवा. दोरीखाली अडकलेल्या मिठानं स्पूलच्या ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, म्हणून दोरीही भिजवून धुवा.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे, रील कापडी पिशवीत कोंडून ठेवू नका. उघड्या कपाटात राहू द्या आणि अधूनमधून हँडल फिरवा.

दुकानात आणताना रील दोरीसकट आणा. दोरीचा पीळ आणि घासलेली जागा बघून बरंच कळतं. घरी खोललं असेल तर सगळे भाग एकाच डब्यात घाला आणि मोठ्या गिअरखालच्या कागदासारख्या पातळ वॉशरची पुडी वेगळी बांधा. तो हरवला की गिअर मागं-पुढं होतो, आणि त्या मापाचा दुसरा मिळायला वेळ लागतो.