तारामाशांचे घरगुती संगोपन

तारामाशांचे घरगुती संगोपन : घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत तारामासे पाळण्याची व ते निरोगी ठेवण्याची पद्धत. तारामासा (तारामीन, स्टारफिश) हा मासा नव्हे. तो कंटकचर्मी संघाच्या अ‍ॅस्टेरॉइडिया वर्गातील अपृष्ठवंशी प्राणी आहे. या वर्गात आज हयात असलेल्या सुमारे १,९०० जाती मानल्या जातात. त्या सर्व समुद्रातल्या असून गोड्या पाण्यात राहणारी एकही जाती नाही. दुकानात याच नावाने विकले जाणारे लवचिक, सापासारख्या बाहूंचे भंगुरतारे ऑफियुरॉइडिया या वेगळ्या वर्गातील आहेत व ते पाळण्यास बरेच सोपे आहेत. या नोंदीत मुख्यतः उष्ण कटिबंधातील प्रवाळक्षेत्रांत आढळणाऱ्या खऱ्या तारामाशांचा विचार केला आहे.

टाकीतला तारामासा रोगाने मेला असे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात बहुसंख्य प्राणी दोन कारणांनी मरतात : टाकीत आणताना बसलेला क्षारतेचा धक्का आणि पुढे महिनोन्‌महिने चाललेली उपासमार. पहिल्या कारणाचे मूळ प्राण्याच्या शरीररचनेत असल्याने तिचा विचार आधी करणे योग्य ठरेल.

शरीररचना व पाण्याशी संबंध : तारामाशाला रक्ताभिसरणाचे प्रभावी तंत्र नाही आणि मूत्रपिंडासारखे उत्सर्जक इंद्रियही नाही. देहगुहेतील (शरीराच्या आतल्या पोकळीतील) द्रवाची क्षारता जवळजवळ भोवतालच्या समुद्राच्या पाण्याइतकीच असते. माशाप्रमाणे क्षारांचे प्रमाण स्वतः राखण्याची क्षमता त्याला नसल्यामुळे बाहेरचे पाणी बदलले की आतलेही बदलते. श्वसन पाठीवरील अतिशय पातळ त्वचाक्लोमांतून (त्वचेच्या बारीक कल्ल्यांतून) आणि बाहूंखालच्या नळीसारख्या पायांतून, म्हणजे नालपादांतून होते. नालपाद हे जलवाहिनी तंत्राचे, म्हणजे शरीरात पाणी खेळवणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याचे भाग आहेत. प्रत्येक नालपादाच्या वरच्या टोकाला एक कुपिका (लहान पिशवी) असते. ती आकुंचन पावली की द्रव खाली ढकलला जाऊन नालपाद लांबतो. तारामाशाचे चालणे, चिकटणे, शिंपला उघडणे या साऱ्या क्रिया या पाण्याच्या दाबावर व नालपादांच्या स्नायूंवर अवलंबून आहेत.

या तंत्रात पाणी कोठून येते, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला आहे. पाठीवर मध्याच्या थोडे बाजूला बटणासारखी एक सच्छिद्र चकती दिसते. तिला मॅड्रेपोराइट म्हणतात. जुन्या पाठ्यपुस्तकांनी तिला पाण्याचे प्रवेशद्वार ठरवले होते. त्यानंतर जे. बिनियन यांनी उत्तर अटलांटिकमधील अ‍ॅस्टेरियस रुबेन्स या जातीवर काम केले (१९६४). जलवाहिनी तंत्रातील द्रवात पोटॅशियम समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त असते, असे त्यांना आढळले. यावरून नालपादांच्या भित्तीतूनच परासरणाने पाणी आत येत असावे व मॅड्रेपोराइटची त्यासाठी फारशी गरज नसावी, असा पक्ष पुढे आला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतर जे. सी. फर्ग्युसन यांनी मागोवा घेता येणारे (ट्रेसर) पदार्थ वापरून केलेल्या प्रयोगांत मात्र मॅड्रेपोराइटमधून पाणी खरोखरच आत जात असल्याचे दिसले. हे पाणी केवळ नालपादांपुरते राहत नाही, तर देहगुहेतील द्रवाची तूटही त्यातून भरून निघते. हे प्रमाण सर्व जातींत सारखे नाही. उपलब्ध पुरावा पाहता दोन्ही मार्ग चालू असावेत आणि मॅड्रेपोराइटचे महत्त्व बिनियन यांच्या मांडणीपेक्षा अधिक असावे, हे मत जास्त पटण्याजोगे आहे. प्रवाळक्षेत्रातील ज्या जाती दुकानात येतात, त्यांच्यावर असे काम फार थोडे झाले आहे.

पाळणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही मतांचा निष्कर्ष एकच निघतो. टाकीतले पाणी हेच तारामाशाच्या शरीरातले पाणी आहे. विशिष्ट गुरुत्व १.०२० असलेल्या पिशवीतून प्राणी थेट १.०२६ च्या टाकीत सोडला, तर त्याच्या ऊतींमधले पाणी एकदम बाहेर खेचले जाते. त्याचा परिणाम लगेच दिसतोच असे नाही. पहिल्या दिवशी प्राणी काचेवर फिरताना दिसतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाहूच्या कडेला पांढरट चट्टा पडून त्वचा विरघळू लागते. यालाच ‘रोग’ समजले जाते.

इतिहास : समुद्री प्राणी घरात पाळण्याची सुरुवात नेमकी कोणी केली यावर एकमत नाही. झान व्हिलप्रू-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीत संशोधनासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. लंडनमध्ये ॲना थिन यांनी १८४६ पासून टॉर्की येथून आणलेले प्रवाळ जिवंत ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरी मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. वनस्पती व प्राणी यांचा समतोल साधणाऱ्या टाकीचे श्रेय सामान्यतः रॉबर्ट वॉरिंग्टन (१८५०) यांना दिले जाते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली. समतोल ही कसोटी धरली तर वॉरिंग्टन, आणि घरातील सागरी टाकी ही कसोटी धरली तर थिन यांचा अग्रक्रम मान्य करावा लागतो. उष्ण कटिबंधातील नाजूक अपृष्ठवंशी जगवण्याचा मार्ग मोकळा झाला तो विसाव्या शतकात. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी जिवंत खडक (सूक्ष्मजीव व इतर सजीव वसलेला समुद्रातील खडक), समुद्राचे पाणी व हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणारी टाकी १९६१ मध्ये लोकांपुढे मांडली. आजच्या रीफ टाकीचे, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या टाकीचे मूळ तिच्यात आहे.

जातींची निवड : व्यापारात सर्वांत आकर्षक ठरणारी जाती म्हणजे निळी लिंकिया (लिंकिया लेव्हिगाटा). लिनीअस यांनी १७५८ मध्ये तिचे वर्णन केले. प्रजातीचे नाव लाइपझिगचे औषधविक्रेते योहान हाइन्रिख लिंक यांच्यावरून पडले आहे. त्यांनी १७३३ मध्ये तारामाशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. निसर्गात ही जाती खडकावरील सूक्ष्म शैवाल, जीवाणू व सेंद्रिय कण यांचा पातळ थर खाते. तिचे मुख्य अन्न हा थर की त्याखालील चुनखडीयुक्त तांबडे शैवाल, याबद्दल मतभेद आहेत. नव्या टाकीत तांबडे शैवाल भरपूर असले तरी ही जाती खंगत जाते, हा वारंवार येणारा अनुभव पहिल्या मताला पुष्टी देतो. किमान एक वर्ष जुनी, भरपूर खडक असलेली, साधारण ४०० लिटरची टाकी असल्याखेरीज ही जाती घेऊ नये. फ्रोमिया प्रजातीतील लाल-नारिंगी लहान जाती सुमारे २०० लिटरच्या जुन्या टाकीत तुलनेने बऱ्या तग धरतात. घरगुती टाकीसाठी एखादाच खडकावर चरणारा तारामासा घ्यायचा असेल तर तो फ्रोमिया असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रोटोरिॲस्टर नोडोसस (पाठीवर चॉकलेटसारखे काळपट उंचवटे असणारी जाती) मांसाहारी असून तिला हाताने भरवता येते, त्यामुळे ती सर्वांत टिकाऊ ठरते. मात्र ती प्रवाळ, स्पंज व शिंपले खाते. म्हणून ती रीफ टाकीत न ठेवता मासे असलेल्या वेगळ्या टाकीत ठेवतात.

अ‍ॅस्ट्रोपेक्टेन प्रजातीतील जाती ‘वाळू साफ करणारा’ म्हणून विकल्या जातात. त्यांच्या नालपादांना चूषक नसतात, टोके अणकुचीदार असतात. त्यामुळे त्या काचेवर चढत नाहीत, वाळूत शिरतात. त्या घाण खात नाहीत, तर वाळूतले बारीक शिंपले व कृमी सबंध गिळतात. म्हणजे वाळू निरोगी ठेवणारी जीवसृष्टीच त्या संपवतात आणि ती संपली की स्वतः उपाशी मरतात. हा प्राणी साफसफाईसाठी विकणे चुकीचे आहे. याच्या काही जातींत टेट्रोडोटॉक्सिन हे विष आढळले आहे. काट्यांचा मुकुट (अ‍ॅकँथॅस्टर) विषारी काट्यांचा व प्रवाळभक्षक असल्यामुळे घरी पाळण्यास सर्वस्वी अयोग्य आहे.

पाणी : क्षारता हजारी ३५ (विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६), तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया व नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत. आकड्यांपेक्षा स्थैर्याला अधिक महत्त्व आहे. स्वस्त हायड्रोमीटरच्या काट्याला बुडबुडे चिकटले की तो क्षारता खरी असते त्यापेक्षा जास्त दाखवतो. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणारे उपकरण) वापरावा व तो हजारी ३५ च्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावा. बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. त्यामुळे घट रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या नव्हे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर दिले जाणारे तांब्याचे औषध तारामाशांना घातक आहे. मासा आजारी पडल्यास उपचार वेगळ्या टाकीतच करावेत.

टाकीत सोडणे : माशांवरील परजीवी दबावेत आणि मिठाचा खर्च वाचावा म्हणून अनेक विक्रेते टाक्यांची क्षारता कमी ठेवतात. म्हणून घेतानाच विक्रेत्याला विशिष्ट गुरुत्व विचारावे, शक्य तर स्वतः मोजावे. नंतर बारीक नळीला गाठ मारून टाकीचे पाणी थेंब-थेंब प्राण्याच्या भांड्यात सोडतात. हे किती वेळ करावे यावर पाळणाऱ्यांत दोन तट आहेत. बरेच जण दोन ते चार तास सुचवतात. दुसरा पक्ष असा की, लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडताच कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साचलेल्या अमोनियमचे विषारी अमोनियात रूपांतर होते. अशा पाण्यात प्राणी तासन्‌तास ठेवणे घातक आहे. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर आहेत. जवळच्या दुकानातून आणलेल्या प्राण्याला सावकाश थेंब द्यावेत. दूरच्या प्रवासातून आलेल्यासाठी पिशवीइतक्याच क्षारतेचे ताजे पाणी आधी तयार ठेवावे, प्राणी त्यात घ्यावा आणि मग हळूहळू क्षारता वाढवावी.

तारामासा क्षणभर हवेत आला तरी आत हवा अडकून मरतो, ही समजूत सर्वत्र आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जाती रोज काही काळ उघड्या पडतात हे पाहता ती सरसकट खरी मानता येत नाही. तरीही सदैव पाण्याखाली राहणाऱ्या प्रवाळक्षेत्रीय जातींना भांड्यासह पाण्याखालीच हलवणे श्रेयस्कर. त्यांना काचेवरून ओढून काढू नये, नालपाद तुटतात.

आहार व उपासमार : प्रोटोरिॲस्टरला आठवड्यातून एक-दोनदा कोळंबी, माकूल किंवा तिसऱ्यांचा सोललेला तुकडा द्यावा. मीठ-मसाला लावलेला वा शिजवलेला नको. तुकडा बाहूच्या टोकाशी ठेवला की टोकाचे बारीक नालपाद चाचपडू लागतात. मग सारे शरीर त्या दिशेने सरकते, तुकडा पोटाखाली जातो आणि पाठ कमानीसारखी उंचावते. आत जठर तोंडावाटे बाहेर येऊन अन्नावर पसरलेले असते. पाठ पुन्हा सपाट होईपर्यंत त्याला हलवू नये.

चरणाऱ्या जातींना असे भरवणे क्वचितच साधते. काही जण शैवालाच्या गोळ्या प्राण्याखाली ठेवतात. थोडे प्राणी त्या स्वीकारतात. उपासमार उशिरा लक्षात येण्याचे कारण असे की, प्रत्येक बाहूत पाचक ग्रंथींची एक जोडी असते व तिच्यात अन्नसाठा राहतो. हा साठा कित्येक महिने पुरतो. तोवर प्राणी धडधाकट दिसतो. पुढे बाहू बारीक होतात, टोके आखडतात, मधली चकती खचते. ही लक्षणे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून आणल्या दिवशीच मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्र काढावे व दर महिन्याला ताडून पाहावे.

प्रकृतीची खूण व विकार : निरोगी तारामासा उलटा पडला तर स्वस्थ राहत नाही. एकदोन बाहूंची टोके वळतात, नालपाद तळ शोधतात, पकड मिळताच उरलेले शरीर सावकाश घडी घातल्यासारखे पलटते. खूप वेळ उलटा पडून राहणारा, बाहू ढिले पडलेला प्राणी विकत घेऊ नये. लिंकियाच्या अंगावर कधी थायका क्रिस्टॅलिना हा परजीवी गोगलगायवर्गीय प्राणी घट्ट चिकटलेला असतो. बाहूंच्या खालच्या खाचांपर्यंत तपासून पाहावे. हार्लेक्विन कोळंबी तारामाशांवरच जगते. ट्रिगरमासे व फुगेमासेही त्यांचे लचके तोडतात.

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर २०१३ पासून तारामासे क्षयाची (शरीर झडत जाण्याच्या रोगाची) मोठी साथ आली. २०१४ मध्ये तिचा संबंध डेन्सोव्हायरस गटातील एका विषाणूशी जोडला गेला, पुढे ते मत मागे पडले. २०२५ मध्ये सूर्यफूल-तारामाशातील (पिक्नोपोडिया) या रोगाचे कारण म्हणून व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा या जीवाणूचा एक प्रकार पुढे आला. टाकीतले ‘विरघळणे’ दिसायला तसेच असले तरी ते त्याच रोगाचे मानण्यास आधार नाही. असा प्राणी ताबडतोब वेगळा करावा. मेल्यास लगेच काढावा, कारण त्याच्या कुजण्याने अमोनिया वेगाने वाढतो आणि त्याच्या ऊतींतील सॅपोनिने (साबणासारखी रसायने) इतर प्राण्यांना अपायकारक असतात.

महाराष्ट्रातील परिस्थिती : १९५१ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे सागरी जीव काचेआड पाहण्याची ओळख अनेक मराठी कुटुंबांना झाली. घरगुती टाकीपुढील पहिली अडचण उष्णतेची आहे. एप्रिल-मेमध्ये दिवे व पंपांसह पाणी सहज ३० अंशांवर जाते, त्यातला प्राणवायू घटतो. पंख्याने पाणी थंड होते पण बाष्पीभवन वाढून क्षारता चढते. मोठ्या टाकीला चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतोच. दुसरी अडचण पाण्याची आहे. पावसाळ्यात खाड्यांच्या मुखाशी समुद्राची क्षारता बरीच खाली येते, शिवाय शहराजवळचे पाणी प्रदूषित असते. किनाऱ्यावरून कॅनमध्ये पाणी आणण्यापेक्षा आरओच्या पाण्यात तयार समुद्री मीठ मिसळणे सुरक्षित. तिसरी गोष्ट खडकाची. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश असल्याने मालवणसारख्या ठिकाणांहून प्रवाळाचा खडक उचलता येत नाही, आणि उचलूही नये. कोरड्या खडकावर जैविक थर धरायला जिवंत खडकापेक्षा पुष्कळ अधिक काळ लागतो. चरणाऱ्या तारामाशासाठी वर्षभराची अट येथे म्हणूनच अधिक काटेकोरपणे पाळली पाहिजे. रापणीच्या जाळ्यात आलेला किंवा ओहोटीला वाळूत सापडलेला अ‍ॅस्ट्रोपेक्टेन घरी नेण्याचा मोह होतो. तो तेथेच पाण्यात सोडावा.

प्रजनन : विक्रीस येणारे बहुतेक तारामासे समुद्रातून पकडलेले असतात. घरच्या टाकीत आपोआप वाढणारे, नखाएवढे करडे तारे अस्टेरिनिडी कुलातील असतात व शरीर दुभंगून संख्या वाढवतात. यांतील अनेक जाती २००४ पासून अ‍ॅक्विलोनॅस्ट्रा या प्रजातीत गणल्या जातात. लिंकिया मल्टिफोरा या जातीचा तुटलेला एक बाहू नवी चकती व बाहू निर्माण करू शकतो. एका लांब बाहूला चार इवले बाहू फुटलेल्या अशा प्राण्याला त्याच्या आकारावरून धूमकेतू म्हणतात.