पुढचा फेंडर बदलणे (जुन्या सेडान गाड्या)

पुढच्या चाकावरचा, हेडलाइटपासून दरवाज्यापर्यंतचा पत्रा म्हणजे फेंडर. बोलताना त्याला मडगार्डही म्हणतात. तो काढून नवा किंवा दुसऱ्या गाडीचा उतरवलेला फेंडर बसवणे हे पत्रेकामातले नेहमीचे काम. मागच्या चाकावरचा पत्रा, म्हणजे क्वार्टर पॅनेल, बॉडीला वेल्डिंगने जोडलेला असल्यामुळे कापूनच काढावा लागतो. पुढचा फेंडर मात्र बहुतेक सेडान गाड्यांत बोल्टवर असतो आणि साध्या पान्यांनी निघतो. काढणे हे ताकदीचे आणि चिकाटीचे काम, बसवणे नजरेचे. बिघडते ते बहुधा बसवतानाच.

अगदी सुरुवातीच्या मोटारींत फेंडर हा चिखल अडवणारा स्वतंत्र वाकवलेला पत्रा होता आणि तो गाडीच्या अंगापासून सुटा दिसे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गाड्यांच्या बाजू सपाट, सलग होऊ लागल्या. १९४९ सालची फोर्ड हे त्याचे ठळक उदाहरण. फेंडर दिसायला बॉडीत मिसळून गेला, तरी पुढचा पत्रा सुटा ठेवण्याची सोय बहुतेकांनी टिकवली, कारण टक्कर झाली की सर्वांत आधी तोच चेपतो. मर्सिडीजची डब्ल्यू १२३ आणि व्होल्व्होची २४० या गाड्यांचे पुढचे फेंडर बोल्टवरच आहेत. फोक्सवॅगन बीटलचे तर चारही फेंडर बोल्टचे, सांध्यात बीडिंगची पट्टी घालून बसवलेले. उलट १९५९ साली आलेल्या मिनीचे पुढचे पत्रे वेल्डिंगचे. त्यामुळे पाना हातात घेण्यापूर्वी आपल्या गाडीला वेल्डिंग आहे की बोल्ट, हे पाहून घ्यावे.

युनिबॉडी गाडीत, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच असलेल्या गाडीत, पुढच्या भागाचा भार फेंडरवर नसतो. तो आतल्या जाड पत्र्यावर, म्हणजे एप्रनवर आणि त्याखालच्या चॅसी रेलवर असतो. म्हणून फेंडर नसतानाही गाडी उभी राहते, इंजिन चालते. पण टकरीत एप्रनच वाकले असेल, तर कितीही चांगला फेंडर आणा, भोके जुळणार नाहीत. अशा वेळी भोक कानशीने मोठे करून बोल्ट कसाबसा अडकवण्याचा मोह होतो. तसे केल्याने फेंडर बसतो, वाकलेले एप्रन मात्र तसेच राहते.

जुन्या गाड्यांत टकरीपेक्षा गंजामुळेच फेंडर जास्त बदलावे लागतात, आणि गंज लागतो ती जागा जवळजवळ ठरलेली: चाकामागचा खालचा कोपरा. चाक चिखल उडवते, वायपरखालच्या जाळीतून सुकी पाने आणि पाणी उतरते, आणि दोन्ही या कोपऱ्यात येऊन साचतात. चाकाच्या कमानीत प्लास्टिकचे अस्तर नसलेल्या गाड्यांत तर हा लगदा वर्षानुवर्षे ओला राहतो. बाहेरून रंगाला जेमतेम एक फोड दिसतो. त्यावर स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबले की ते सरळ आत जाते, कारण पत्रा आतून केव्हाच कागद झालेला असतो.

काढताना आधी बॅटरीची ऋण तार सोडवतात, मग इंडिकेटरच्या आणि असल्यास अँटेनाच्या वायरी. बहुतेक गाड्यांत बंपरची बाजू, ग्रिल किंवा हेडलाइटची चौकटही उतरवावी लागते. बोल्टची एक रांग बॉनेटच्या कडेने एप्रनवर असते. ती उघड्यावर असते, म्हणून फसवी. बाकीचे शोधावे लागतात: काही हेडलाइटजवळ, काही चाकाच्या कमानीत चिखलाखाली, एक-दोन दरवाज्याखालच्या सिलवर आणि निदान एक दरवाजा पूर्ण उघडल्यावरच दिसेल असा, बिजागरीच्या वर. फेंडर हलत नसेल तर ओढू नये, कुठेतरी एक बोल्ट राहिलेलाच असतो. सगळे निघाल्यावरही पत्रा चिकटून असेल तर सांध्यातला सीलर सुरीने कापावा. त्याआधी दरवाज्याच्या कडेला टेपचे दोन थर लावले की पुढचे रंगकाम वाचते.

गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच मारलेले बरे. बोल्ट सोडवण्यापूर्वी किंचित आवळून पाहावा, मग मागे-पुढे करत आटे मोकळे करावेत. ‘कर्र’ आवाज करत फिरणारा बोल्ट निघतो. पाना रबरासारखा लवचिक लागू लागला की बोल्टच पिळला जात आहे असे समजावे आणि थांबावे. सिलमधला, पत्र्याच्या छोट्या पिंजऱ्यात अडकवलेला नट सुटून आत फिरू लागला, तर बोल्टचे डोके कापण्यावाचून गत्यंतर नसते. गॅसची ज्योत शेवटचा उपाय, कारण आजूबाजूला वायरी आणि डांबरी अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखणारा लेप, असतो.

बोल्टखाली पातळ पत्र्याच्या चकत्या सापडतात, त्या शिम; फेंडर नेमक्या जागी बसवण्यासाठी त्या घातलेल्या असतात. भंगार समजून त्या फेकल्या जातात, आणि मग फटी जुळवायला अर्धा दिवस जातो. कोणत्या भोकाखाली किती होत्या, याचा फोटो काढून ठेवावा.

नवा फेंडर रंगवण्यापूर्वी एकदा बसवून पाहायलाच हवा. मूळ कंपनीचा नसलेला पत्रा वळणात किंवा भोकांच्या जागेत थोडा इकडे-तिकडे असू शकतो, आणि रंगवलेला फेंडर सहसा कोणी परत घेत नाही. भंगारातला मूळ फेंडर थोडा पोचलेला असला, तरी पुष्कळदा अशा नव्यापेक्षा बरा बसतो. दुसऱ्या वाहनाचा घेताना त्याचा खालचा कोपरा आधी पाहावा.

बसवताना सगळे बोल्ट हाताने सैलच लावतात. भोके मुद्दाम मोठी ठेवलेली असतात, त्यामुळे पत्रा थोडा सरकतो. सुरुवात दरवाज्यापासून करावी, कारण दरवाजा आपल्या बिजागऱ्यांवर ठरलेल्या जागी असतो. ४ मिलिमीटरच्या आसपासची फट वरपासून खालपर्यंत सारखी आली की तिथले बोल्ट आवळावेत, मग बॉनेटची कड आणि शेवटी हेडलाइट व बंपर. सारखेपणा तपासायला जाड पुठ्ठ्याची पट्टी फटीतून वरून खाली ओढली तरी पुरते. दरवाजा उघडताना त्याची पुढची कड आतल्या बाजूला वळून फेंडरच्या मागे जाते. म्हणून पहिल्यांदा तो इंचाइंचाने उघडावा, पहिल्याच झटक्यात दोन्हीकडचा रंग उडालेली उदाहरणे कमी नाहीत. बॉनेटही पहिल्यांदा हाताने धरूनच खाली आणावे.

रंगात आतली बाजू आणि कडा आधी, बाहेरचे नंतर. जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो. त्यामुळे डब्यावरच्या क्रमांकाचा रंग अचूक असला तरी फेंडर वेगळा उठून दिसतो, आणि रंगारी नवा रंग दरवाज्यावर फिकट करत नेतात. आतून अंडरकोटिंग मारताना खालच्या कोपऱ्यातली पाणी वाहून जायची भोके किंवा फट बुजणार नाही, एवढे पाहावे. ती बुजली की पाणी पुन्हा तिथेच साचते.