बेसूर आहे म्हणून सापडते गळती

रात्रीचे अडीच वाजले होते. लाइनमन मामांनी व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण सरकवलं, पहारीचं एक टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर टेकवलं आणि दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावलं. अर्धा मिनिट काहीच बोलले नाहीत. मग पहार माझ्या हातात दिली.

"सर, ऐका बरं. आवाज यायलाय का?"

येत होता. कुकरची शिटी व्हायच्या आधी वाफ सुरसुरते ना, तसा. बारीक आणि न थांबणारा. लोखंडातून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगानं जातो हे मी दरवर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर लिहितो. पण पायाखालून वाहून चाललेलं पाणी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

उन्हाळा आला की पेपरात एक फोटो हमखास येतो. जलवाहिनी फुटलेली, दोन मजले उंच कारंजं उडतंय, भोवती घागरी घेऊन माणसं. पाणी वाया जातं ते असं, हा आपला पक्का समज. पण फुटलेली मोठी लाइन सगळ्यांना दिसते, फोन खणखणतात आणि काही तासांत पंप बंद होतो. खरी लूट करते ती न दिसणारी गळती. मराठवाड्यात वर काळी माती, खाली मुरूम आणि भेगाळलेला खडक. पाणी वर यायच्या ऐवजी खाली मुरतं, नाहीतर शेजारच्या नालीत उतरतं. रस्ता वरून कोरडा ठणठणीत, आणि खाली महिनोन्‌महिने धार चालू.

हिशोब करून बघा. जलकुंभातलं पाणी पाइपाच्या २० मीटर वर आहे आणि पाइपाला ३ मिलिमीटरचं, म्हणजे एखादा खिळा जाईल एवढं, भोक पडलंय. त्यातून पाणी सेकंदाला जवळपास २० मीटर वेगानं बाहेर पडतं. भोकातून निघताना धार थोडी आक्रसते, ते धरलं तरी मिनिटाला ५ लिटर, दिवसाला ७ हजार लिटरच्या वर. माणशी १३५ लिटर या सरकारी मापानं ते ५० माणसांचं पाणी झालं. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली. तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. चोवीस तास दाबाखाली असलेल्या जाळ्यात अशी ७० भोकं असली, की तेवढं पाणी एका दिवसात जमिनीत जातं.

आता आवाज येतो कशामुळे? दाबाखालचं पाणी अरुंद फटीतून निसटताना त्यात भोवरे तयार होतात, फटीच्या कडा थरथरतात, आणि बाहेरच्या मातीवर, खड्यांवर धार आपटत राहते. ही थरथर पाइपाच्या भिंतीतून आणि आतल्या पाण्यातून दोन्ही बाजूंना पळत सुटते. बिडाच्या किंवा लोखंडी पाइपात ती काही शे ते हजार-दीड हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते, म्हणजे कानाला सहज ऐकू येणारी. प्लास्टिकचा पाईप वरच्या पट्टीतले आवाज गिळून टाकतो. तिथं उरते ती २०० हर्ट्झच्या आतली घुमघुम, आणि तीसुद्धा थोड्याच अंतरावर विरते.

पहार लावून गळती आहे एवढं कळतं. कुठं आहे ते सांगायला कोरिलेटर नावाचं यंत्र लागतं, आणि मला खरं सांगायचंय ते त्याच्याबद्दल.

त्या रात्री सर्वेक्षणाला आलेल्या मुलांनी दोन व्हॉल्व्हवर लोहचुंबकानं चिकटणारे दोन सेन्सर बसवले. एक देवळाजवळ, दुसरा शाळेजवळ. मधे २०० मीटर बिडाची लाइन. गळती देवळाजवळ असेल तर तिचा आवाज देवळाच्या सेन्सरला आधी आणि शाळेच्या सेन्सरला नंतर पोहोचणार. यंत्रानं फरक दाखवला ०.०५ सेकंद. अशा पाइपातल्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १२०० मीटर जातो. म्हणजे दोन वाटांच्या लांबीतला फरक ६० मीटर. २०० मधून ६० वजा, उरलेल्याचे निम्मे ७०. देवळापासून ७० मीटरवर गळती. गणित सातवीतलं आहे.

पण थांबा. फटाका फुटला तर तो कधी ऐकू आला ते सांगता येतं. गळतीचा आवाज कधी सुरू झाला हे कुणाला माहीत? तो तर महिनाभर अखंड चालू आहे. ज्याला सुरुवात नाही, त्याच्यातला 'आधी' आणि 'नंतर' मोजायचा कसा?

त्यासाठी कागदाच्या दोन लांब पट्ट्या डोळ्यांपुढे आणा. एकीवर देवळाच्या सेन्सरनं नोंदवलेली थरथर, दुसरीवर शाळेच्या. दर क्षणाला थरथर वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. अधिक, उणे, उणे, अधिक, उणे, अधिक, अधिक... कसलाही क्रम नाही, नुसता पसारा. आता पट्ट्या एकाखाली एक ठेवा आणि वरखाली आलेल्या चिन्हांचा गुणाकार करा. अधिकाखाली कधी अधिक येतं, कधी उणे. गुणाकार निम्मे धन, निम्मे ऋण, बेरीज शून्याच्या आसपास. खालची पट्टी एक घर सरकवा, पुन्हा गुणा, पुन्हा बेरीज करा. पुन्हा शून्याजवळ. असं सरकवत सरकवत एका जागी अधिकाखाली अधिक आणि उण्याखाली उणे येतं. उणे गुणिले उणे धनच, त्यामुळे सगळे गुणाकार धन होतात आणि बेरीज एकदम उसळते. पडद्यावर सपाट रेषेतून एक सुळका वर येतो. पट्टी जेवढी सरकवावी लागली, तेवढा वेळेतला फरक. रिक्षा गेली, कुत्रं भुंकलं, असले आवाज दोन्ही पट्ट्यांवर सारखे उमटत नाहीत. त्यांचे गुणाकार एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून कानाला ऐकू न येणारी गळतीही यंत्राला सापडते.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की हे सगळं जमतं ते गळतीचा आवाज बेसूर असल्यामुळे. समजा, ती तानपुऱ्यासारखी एका सुरात वाजली असती. मग पट्टी एक कंपन सरकवली तरी जुळली असती, दोन कंपनं सरकवली तरी जुळली असती. ५० हर्ट्झच्या एकसुरी गुणगुणीचं एक कंपन ०.०२ सेकंदाचं, तेवढ्यात ध्वनी २४ मीटर जातो, आणि त्याच्या निम्म्यानं, म्हणजे दर १२ मीटरवर, एक खोटी गळती दिसली असती. कुठं खणायचं? पसाऱ्याला मात्र पुनरावृत्ती नसते. तो एकाच जागी स्वतःशी जुळतो, बोटाच्या ठशासारखा.

आता वेगाचा प्रश्न. मोकळ्या पाण्यात ध्वनी सेकंदाला १४८० मीटरच्या आसपास जातो, मग पाइपात १२०० का? दाबाची लाट पुढं सरकताना पाइपाची भिंत किंचित फुगवते. भिंत जेवढी मऊ, तेवढी पाण्याची ताठरता ढिली आणि लाट तेवढी मंद. डच गणिती कोर्टेवेग यांनी १८७८ साली याचं सूत्र मांडलं. पीव्हीसीत हा वेग ४०० मीटरच्या आसपास येतो, एचडीपीई या काळ्या प्लास्टिकच्या पाइपात त्याहून कमी. हेच सूत्र आपल्या रक्तवाहिन्यांनाही लागू पडतं. हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, महारोहिणीत, नाडीची लाट सेकंदाला अवघी ५ ते १० मीटर जाते, आणि वयानुसार भिंती कडक झाल्या की वेग वाढतो. डॉक्टर त्यावरून धमन्यांचा ताठरपणा मोजतात. वैद्याची नाडी आणि पाइपातली गळती एका सूत्रात बसतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पाइपाभोवती जमलेल्यांपैकी एकजण त्या रात्री म्हणाला, "नारळवाल्याला बोलवा की, बसल्या जागी सांगल." आमच्याकडे बोअर घ्यायचा म्हटला की पाणाड्या येतोच, तळहातावर नारळ नाहीतर हातात कडुलिंबाची बेचकी घेऊन. ही श्रद्धा फक्त आपलीच नाही. ब्रिटनमधल्या १२ पैकी १० पाणी कंपन्यांनी आपले काही कर्मचारी बेचकी वापरतात असं २०१७ साली कबूल केलं होतं. पण १९९० मध्ये जर्मनीतल्या कासेल इथं याची नीट परीक्षा झाली होती. जमिनीत ५० सेंटिमीटर खोल प्लास्टिकचा पाईप, ३० पाणाडे, आणि एकच प्रश्न: आत्ता पाणी वाहतंय की नाही? उत्तरं नाणं उडवून आली असती तशीच आली. बेचकी हलते ती हाताच्या नकळत झालेल्या हालचालीनं. तिला पाण्याचं काही कळत नाही. बोअरच्या मागं लाखभर रुपये घालणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. आणि उपग्रहावरून गळती दाखवतो म्हणणाऱ्या जाहिरातींनाही एवढंच विचारावं: खड्डा कुठं मारू? उपग्रहाकडून फार तर संशयाचा पट्टा मिळतो, पुढं कान लावावाच लागतो.

मात्र आपल्याकडची खरी अडचण यंत्राची नाहीच. गळती बोलते ती दाब असेल तेव्हा. ज्या गावात चौथ्या-आठव्या दिवशी दोन तास पाणी येतं, तिथला पाईप बाकीचा सगळा वेळ मुका असतो. पाणी सुटलं की नळ आधी फुसफुसतो, हवा ओकतो, हे प्रत्येक घरानं ऐकलंय. पाण्यात साध्या दाबाला १ टक्का बुडबुडे मिसळले तरी ध्वनीचा वेग दहापटीहून जास्त घसरतो, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातली मोजणी फुकट. हवा निघून जाते तोवर घरोघरी नळाला थेट मोटारी लागलेल्या असतात. दाब पडतो आणि गळतीचा आवाज मोटारींच्या गोंगाटात बुडतो. पाणी बंद झालं की तीच भोकं उलटं काम करतात. रिकाम्या पाइपात नालीचं पाणी ओढलं जातं आणि पुढच्या पाळीला ते आपल्या माठात येतं. गॅस्ट्रो आणि कावीळ अशी पसरते. नॉम पेन्ह या कंबोडियाच्या राजधानीत १९९३ साली ७२ टक्के पाणी हिशोबाबाहेर जात होतं. चोवीस तास दाब, मीटर आणि गळतीमागे सतत लागलेली माणसं, यांच्या बळावर दोन दशकांच्या आत ते ६ टक्क्यांवर आलं. आपल्याकडे किमान एका जलकुंभाचा भाग एका रात्रीपुरता, घरचे नळ बंद ठेवून, पूर्ण दाबाखाली ठेवता येतो. त्या रात्री आम्ही तेच केलं होतं.

पोरांनी ७० मीटरवर खडूनं फुली मारली. मामा फुलीकडे बघत म्हणाले, "ह्या अन् शाळेच्या मधी एक वीस फुटी प्लास्टिकचा पाईप हाय. मीच टाकलाय, लाइन फुटली तवा." नकाशावर तो नव्हता.

वीस फूट म्हणजे ६ मीटर. बिडातून ते अंतर कापायला ध्वनीला ०.००५ सेकंद लागले असते, प्लास्टिकमधून ०.०१५ लागले. म्हणजे शाळेकडचा आवाज ०.०१ सेकंद उगाच उशिरा पोहोचला होता. फरक ०.०५ नव्हे, ०.०४ धरायचा. ४८ मीटर. २०० वजा ४८, निम्मे ७६.

सकाळी सिमेंट रस्ता कापायचं यंत्र आलं. पहिली फुली पुसून ६ मीटर पुढं नवी मारली. चार फुटांवर माती ओली लागली. एका बंद पडलेल्या जुन्या कनेक्शनचं फेरूल, म्हणजे घरचा नळ लाइनला जोडणारा तुकडा, सैल होऊन तिथून धार लागली होती, आणि तिच्यासमोरचा दगड तासून गुळगुळीत झाला होता.