प्राण्यांवर नाही, मग कशावर?

गेल्या महिन्यात ठाण्यात राम मारुती रोडवरच्या एका दुकानात भाचीबरोबर केसांचा रंग घ्यायला गेले होते. एका खोक्यावर उडी मारणारा ससा होता आणि त्याखाली लिहिलं होतं, 'प्राण्यांवर चाचणी केलेली नाही'. भाची अकरावीत आहे. ती म्हणाली, "मावशी, म्हणजे चाचणीच झालेली नाही. आता आपल्यावर करणार!" दुकानदाराने लगेच दुसरं पाकीट पुढे केलं. "ताई, मग हे घ्या. नॅचरल आहे, यात केमिकल नाही."

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रयोगशाळांमध्ये मी बावीस वर्षं रसायनांचं पृथक्करण केलं आहे. त्यामुळे ही दोन्ही वाक्यं ऐकून गप्प बसवलं नाही.

आधी 'नॅचरल'चं बघू. शनिवारी रिक्षांना आणि दुकानांना लिंबू-मिरची बांधतात, तिच्यात बऱ्याचदा काळा बिब्बा ओवलेला असतो. दृष्ट लागू नये म्हणून. दृष्ट कुणाला लागत नाही, पण बिब्ब्याचं तेल लागलं तर ते उततं आणि कातडी सोलवटून निघते. पूर्वी धोबी याच तेलाने कपड्यांवर खुणा करत आणि त्या खुणेखालची कातडी पुरळाने भरल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. गाजरगवताने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर येणारा इसबही असाच. दोन्ही शंभर टक्के नैसर्गिक आहेत. त्वचेला रेणूचा आकार कळतो, त्याचं गाव कळत नाही.

त्वचेची ॲलर्जी सुरू कशी होते, हा मला या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. केसांच्या काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याचा रेणूभार फक्त १०८. साधारण ५०० पेक्षा कमी भाराचे रेणू त्वचेच्या वरच्या मृत थरातून आत झिरपू शकतात. पण एवढ्याशा रेणूची आपली रोगप्रतिकार यंत्रणा दखलच घेत नाही, ती मोठमोठी प्रथिनं तपासते. म्हणजे पीपीडी एकटं असेल तर काहीच होणार नाही. गडबड होते ती ते आपल्याच प्रथिनाला कायमचं चिकटतं तेव्हा. सोसायटीचा वॉचमन रोजच्या रहिवाशाला अडवत नाही, पण तोच रहिवासी डोक्यावर अनोळखी गाठोडं घेऊन आला की हटकतो, तसं हे आहे. अशा चिकटणाऱ्या छोट्या रेणूला हॅप्टन म्हणतात. ही कल्पना कार्ल लँडस्टायनर यांची. रक्तगट शोधणारे तेच.

चिकटतं कुठे? प्रथिनं अमिनो आम्लांच्या माळेची बनलेली असतात. त्यातल्या सिस्टीन या मण्यावर गंधकाचा एक अणू असतो आणि त्याच्याकडे देण्याजोगे इलेक्ट्रॉन असतात. ज्या रेणूत इलेक्ट्रॉनची भूक असते तो या गंधकाशी सहसंयुज बंध करतो. लायसीन या मण्यावरचा नायट्रोजनही हेच करतो, पण जरा आळसाने. पीपीडी स्वतः भुकेलं नसतं. हवेतल्या ऑक्सिजनने किंवा डायसोबतच्या पेरॉक्साइडने त्याचं ऑक्सिडीकरण झालं की ते भुकेलं होतं. बिब्ब्यातली द्रव्यंही अशीच ऑक्सिडीकरणाने क्विनोन नावाचे भुकेले रेणू होऊन चिकटतात.

पुढचं थोडक्यात. डोक्यावर गाठोडं घेतलेलं प्रथिन त्वचेतल्या डेंड्रायटिक पेशी उचलतात, जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि टी-पेशी या रोगप्रतिकार यंत्रणेच्या सैनिकांना दाखवतात. ओळखणाऱ्या टी-पेशींची फौज तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. फौज तयार झाल्यावर पुढच्या वेळी तोच रंग लावला की एक-दोन दिवसांत कपाळ आणि पापण्या सुजतात. "वीस वर्षं हाच डाय लावतेय, आत्ताच कसं झालं?" याचं उत्तर हे आहे. फौज कोणत्या वर्षी उभी राहील ते सांगता येत नाही.

हे आधी ओळखायला पूर्वी गिनीपिग वापरत. १९६९ मध्ये मॅग्नुसन आणि क्लिगमन यांनी ठरवलेल्या पद्धतीत त्यांच्या कातडीत रसायन टोचायचं, रोगप्रतिकार भडकवणारं द्रव्य सोबत द्यायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच लावून लाली बघायची. नंतर उंदरांवरची चाचणी आली. कानांवर तीन दिवस रसायन, सहाव्या दिवशी किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन, पाच तासांनी उंदीर मारून लसिका ग्रंथी काढायच्या. प्रत्येक मात्रेला किमान चार उंदीर लागतात आणि तीन मात्रांसोबत एक तुलनेचा गट, म्हणजे एका रसायनामागे सोळा.

आता विचार करा. पहिली पायरी, म्हणजे प्रथिनाला चिकटणं, निव्वळ रसायनशास्त्राची असेल, तर तिच्यासाठी उंदीर कशाला? आठ-दहा मण्यांचीही नाही, सात मण्यांची छोटी माळ घ्या, तिच्यात एक सिस्टीन ठेवा. दुसऱ्या माळेत सिस्टीनच्या जागी लायसीन ठेवा. संशयित रसायन घालून २५ अंशांवर चोवीस तास ठेवा. मग एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजा, मूळ माळ किती उरली. दोन्ही माळांची सरासरी घट ६.३८ टक्क्यांच्या पुढे गेली तर रसायन चिकटणारं आहे. ही चाचणी २०१५ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केली. रबाळे-महापेतल्या औषध कारखान्यांच्या गुणवत्ता तपासणी विभागात जे यंत्र गोळ्यांची शुद्धता तपासतं, त्याच जातीचं यंत्र इथे एका प्राण्याचा जीव वाचवतं. बावीस वर्षं ज्या आलेखांकडे मी कामाचं म्हणून बघितलं, त्यांचं हे काम कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

दुसरी चाचणी माणसाच्या त्वचापेशींवर आहे. पेशीत कीप-१ नावाचं प्रथिन असतं आणि ते एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला अडकवून ठेवतं. कीप-१ च्याच सिस्टीनवर रसायन चिकटलं की पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि एआरई या डीएनएच्या तुकड्याला जागं करतं. त्या तुकड्यापुढे शास्त्रज्ञांनी काजव्याचा ल्युसिफरेज हा जनुक जोडला आहे. चिकटलं की पेशी उजळते. उजेड दीडपट झाला की इशारा. तिसऱ्या चाचणीत डेंड्रायटिक पेशींसारख्या वागणाऱ्या मानवी पेशींवर सीडी८६ आणि सीडी५४ या खुणा वाढतात का ते बघतात. तिन्हींपैकी दोघींचं एकमत झालं की निकाल धरायचा, हा नियम ओईसीडीने २०२१ मध्ये स्वीकारला.

"पण उंदीर म्हणजे जिवंत शरीर, ते जास्त खरं नाही का?" भाचीने विचारलं. मी तिला तिच्या कानातलं दाखवलं. खोट्या दागिन्यांतलं निकेल हे माणसात ॲलर्जी करणाऱ्या सर्वांत सामान्य कारणांपैकी एक. ते प्रथिनांना चिकटतंच, पण त्याशिवाय माणसाच्या टीएलआर-४ या संवेदकाला थेट जोडलं जाऊन धोक्याची घंटा वाजवतं. ती जागा हिस्टिडीन या मण्यांची आणि उंदराच्या टीएलआर-४ मध्ये ते मणी नाहीत. २०१० मध्ये हे सिद्ध झालं. माणसाचं टीएलआर-४ दिलेल्या उंदरांना मात्र निकेलची ॲलर्जी झाली. साध्या उंदराला निकेल विचारलं तर तो "काही त्रास नाही" म्हणेल, आणि तुमचा कान सुजलेला असेल.

नव्या पद्धतींनाही मर्यादा आहेत. मण्यांच्या माळेची चाचणी धातूंसाठी चालत नाही. त्वचेतल्या वितंचकांनी (एन्झाइमांनी) बदलल्यावरच चिकटणारे काही रेणू तिच्यातून निसटतात. पाण्यात न विरघळणाऱ्या तेलकट द्रव्यांना पेशींवर तपासणं अवघड जातं. किती प्रमाण धोक्याचं, हे ठरवणं तर अजून नाजूक काम आहे. म्हणून केसांच्या रंगाच्या खोक्यावर, आधी थोडा लावून बघा, ही सूचना असते आणि ती पाळायची असते.

भारताने सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणी-चाचण्यांवर २०१४ मध्ये बंदी घातली. कीटकनाशकं आणि औषधं यांना ती लागू नाही. त्यामुळे भारतात बनलेल्या प्रसाधनावरचा ससा जे सांगतो ते आपल्याकडे तसंही कायद्याने बंधनकारक आहे.

भाचीने खोकं उलटंपालटं केलं. "मग मावशी, यावर कुठली चाचणी केली ते कुठे लिहिलंय?" मी चष्मा लावून चारही बाजू वाचल्या. काय केलं नाही ते होतं, काय केलं ते कुठेच नव्हतं. आम्ही दोघींनी त्याच रात्री कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल पाठवून माळेची घट किती टक्के आली ते विचारलं आहे.