गॅरेज कंपनी

राहत्या घराच्या गॅरेजमध्ये, म्हणजे मोटार ठेवण्याच्या खोलीत, एकदोघांनी स्वतःच्या तुटपुंज्या पैशावर सुरू केलेली आणि पुढे भागभांडवल उभारून वाढलेली तंत्रज्ञान कंपनी. ही कल्पना अमेरिकेतली, त्यातही मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीची. ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी), ॲपल, ॲमेझॉन आणि गूगल ही तिची नेहमीची उदाहरणे. चारही ठिकाणी गॅरेज खरोखरच होते. मात्र या कंपन्या उभ्या राहिल्या त्या गॅरेजबाहेर आधीच तयार असलेल्या गोष्टींच्या बळावर: विद्यापीठातले संशोधन, एकमेकांना ओळखणारे अभियंते आणि नफ्याचा पत्ता नसताना पैसा लावणारे गुंतवणूकदार.

अमेरिकी उपनगरातल्या घराला गॅरेज बहुधा असतेच. त्याला स्वतंत्र दार असते, आत वीज असते, जमीन सिमेंटची असते आणि वेगळे भाडे पडत नाही. कॅलिफोर्नियात थंडी बेताची, त्यामुळे मोटार बाहेर उभी राहिली तरी बिघडत नाही.

ॲडिसन ॲव्हेन्यू, पालो आल्टो

या परंपरेचे मूळस्थान म्हणजे पालो आल्टो गावातले ३६७, ॲडिसन ॲव्हेन्यू हे घर. बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले विद्यार्थी. त्यांचे प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांना एकाच गोष्टीचा ध्यास होता: शिकून तयार झालेली पोरे नोकरीसाठी पूर्व किनाऱ्यावर जाऊ नयेत, इथेच त्यांनी उद्योग काढावेत. पॅकार्ड जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला लागले होते. टर्मन यांनी छात्रवृत्तीची सोय करून त्यांना परत बोलावून घेतले. १९३८ साली घर भाड्याने घेतले गेले, महिना ४५ डॉलर. तळमजल्यावर पॅकार्ड पती-पत्नी राहत, ह्यूलेट मागच्या अंगणातल्या खोपटात झोपत आणि काम चाले ते १२ बाय १८ फुटांच्या गॅरेजमध्ये. खेळते भांडवल ५३८ डॉलर. १ जानेवारी १९३९ रोजी भागीदारी झाली. नावात कोणाचे आडनाव आधी, हे नाणे उडवून ठरले.

त्यांचे पहिले उत्पादन होते ध्वनी-आंदोलक, म्हणजे हव्या त्या वारंवारतेचा शुद्ध ध्वनिसंकेत निर्माण करणारे उपकरण. अशा उपकरणात संकेताची पातळी स्थिर ठेवणे ही डोकेदुखी असे. ह्यूलेट यांनी मंडलात (सर्किटमध्ये) एक साधा छोटा विजेचा दिवा बसवला. प्रवाह वाढला की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि संकेत आपोआप ताळ्यावर येतो. ज्या कामासाठी इतरांना महागडी जुळणी करावी लागे, ते काही सेंटच्या दिव्याने होऊ लागले. उपकरणाला नाव दिले '२०० ए', ते कंपनी जुनीजाणती वाटावी म्हणून. किंमत ठेवली ५४ डॉलर ४० सेंट. एवढ्या पैशात ते बनवणेही परवडत नाही, हे नंतर ध्यानात आले. सुधारित '२०० बी' ७१ डॉलर ५० सेंटला विकले गेले आणि त्यातले ८ नग वॉल्ट डिस्ने स्टुडिओने घेतले. उपकरणाच्या पत्र्यांवरचा रंग ल्युसिल पॅकार्ड यांच्या स्वयंपाकघरातल्या भट्टीत भाजून पक्का केला जाई. पत्रव्यवहार आणि हिशेबही त्याच पाहत. संस्थापकांच्या यादीत त्यांचे नाव नसते, ही या कथेतली खटकणारी बाजू. पहिल्या वर्षी विक्री ५,३६९ डॉलर झाली आणि नफा १,५६३ डॉलर. १९४० साली त्यांनी गॅरेज सोडले.

एचपीने बाहेरचे भागभांडवल न घेता, झालेला नफा पुन्हा धंद्यात घालत वाढ केली आणि १९५७ पर्यंत आपले भाग (शेअर) बाजारात आणले नाहीत. पुढच्या पिढीने गॅरेज उचलले, हा सावकाशीचा हिशेब मात्र उचलला नाही. १९८९ साली कॅलिफोर्निया राज्याने त्या गॅरेजला सिलिकॉन व्हॅलीचे जन्मस्थान म्हणून ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. २००० साली एचपीने ते घर १७ लाख डॉलरना विकत घेतले.

पैशाची व्यवस्था

गॅरेजमधून निघालेल्या कंपन्या इतक्या झपाट्याने का वाढल्या, याचे उत्तर १९५७ सालच्या एका फुटीत सापडते. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले विल्यम शॉक्ली यांच्या प्रयोगशाळेतून ८ तरुण संशोधक त्यांच्या जाचाला कंटाळून बाहेर पडले. आर्थर रॉक या तरुण बँकरने त्यांच्यासाठी भांडवल शोधायला सुरुवात केली. बऱ्याच कंपन्यांनी नकार दिल्यावर फेअरचाइल्ड कॅमेरा अँड इन्स्ट्रुमेंट ही कंपनी पैसा लावायला तयार झाली आणि सुमारे १४ लाख डॉलरवर फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर सुरू झाली. अट अशी होती, की कंपनी चालली तर ३० लाख डॉलर देऊन ती पूर्ण विकत घेण्याचा हक्क पैसा लावणाऱ्याचा. दोनच वर्षांत त्यांनी तो बजावला. शोधकांच्या हाती मालकी राहिली नाही आणि एकेक करून सगळे पांगले.

ही पांगापांगच व्हॅलीच्या कामी आली. त्या आठांपैकी यूजीन क्लायनर यांनी एचपीतून आलेल्या टॉम पर्किन्स यांच्याबरोबर १९७२ साली क्लायनर पर्किन्स ही गुंतवणूक संस्था काढली. त्याच वर्षी फेअरचाइल्डमध्ये विक्री सांभाळलेल्या डॉन व्हॅलेंटाइन यांनी सिकोया कॅपिटल सुरू केली. दोन्ही संस्थांचा धंदा व्हेंचर कॅपिटलचा, म्हणजे जोखीम भांडवलाचा. बँक तारण मागते आणि हप्ते वसूल करते. हे लोक तारण मागत नाहीत, कंपनीतला हिस्सा घेतात. दहांतल्या बहुतेक कंपन्या बुडणार हे गृहीतच असते, एखादी शंभरपट झाली की सगळे भरून निघते. १९७९ साली अमेरिकी सरकारने निवृत्तिवेतन निधींनाही अशा जोखमीत थोडा पैसा घालण्याची वाट मोकळी केली आणि ओघ वाढला. शिवाय नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये असा करार कॅलिफोर्नियाचा कायदा मानतच नाही. तिथे मालकाशी भांडून समोरच दुकान थाटता येते.

तिसरा धागा कर्मचाऱ्यांचा. रोख पगार कमी आणि त्याबदल्यात कंपनीचे भाग ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क, अशी बोली होऊ लागली. हा हक्क बहुधा ४ वर्षांत थोडाथोडा पदरात पडतो, त्याआधी नोकरी सोडली तर उरलेला जातो. पैसा नसलेल्या कंपनीला चांगला अभियंता मिळतो तो या आशेवर.

ॲपल

लॉस आल्टोसमधले स्टीव्ह जॉब्स यांच्या आईवडिलांचे घर हे जगातले सर्वांत गाजलेले गॅरेज. १ एप्रिल १९७६ रोजी जॉब्स, स्टीव्ह वॉझ्नियॅक आणि रोनाल्ड वेन यांनी भागीदारी केली. कर्ज अंगावर येईल या भीतीने वेन काही दिवसांतच बाहेर पडले आणि आपला १० टक्के हिस्सा त्यांनी ८०० डॉलरना सोडून दिला. भांडवलासाठी जॉब्स यांनी आपली फोक्सवॅगन गाडी विकली, वॉझ्नियॅक यांनी एचपीचा कॅल्क्युलेटर. बाइट शॉप या दुकानाने ५० संगणकांची मागणी नोंदवली, नगाला ५०० डॉलर. या मागणीच्या कागदावरच सुटे भाग उधारीवर मिळाले. माल विकून आलेल्या पैशातून ती उधारी फेडायची होती.

गॅरेजमध्ये ना रचना झाली ना उत्पादन, असे वॉझ्नियॅक यांनी २०१४ साली एका मुलाखतीत सांगितले. रचना त्यांनी एचपीत नोकरी करता करता केली होती. एचपीने ती नाकारल्यावरच ती ॲपलकडे राहिली. खरी कंपनी झाली १९७७ मध्ये, माइक मार्क्युला आल्यावर. फेअरचाइल्ड आणि इंटेलमध्ये पैसा कमावून तिशीतच निवृत्त झालेल्या या गृहस्थांना जॉब्सकडे पाठवले होते ते व्हॅलेंटाइन यांनीच. त्यांनी भागभांडवल आणि कर्जहमी मिळून अडीच लाख डॉलरची सोय केली. व्यवसायाचा आराखडाही त्यांनीच लिहिला.

इंटरनेटची पिढी

१९९० च्या दशकात माल बदलला. हातात धरण्याजोगे यंत्र राहिले नाही, संकेतस्थळ आले, आणि गॅरेजमध्ये आता संगणकच काय ते राहिले. हेज फंडातली, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचा पैसा फिरवणाऱ्या संस्थेतली, बड्या पगाराची नोकरी सोडून जेफ बेझोस इंटरनेटवरून पुस्तके विकणारी ॲमेझॉन काढण्यासाठी १९९४ साली न्यूयॉर्कहून सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला आले, ते हिशेब करूनच. विक्रीकर फक्त कंपनी ज्या राज्यात आहे तिथल्या ग्राहकांना लागत असे, म्हणून लोकसंख्या कमी असलेले राज्य हवे होते. पुस्तकांच्या बड्या घाऊक व्यापाऱ्याचे गोदाम शेजारच्या ऑरेगन राज्यात होते आणि मायक्रोसॉफ्टमुळे प्रोग्रामर सिएटलमध्ये मिळत. सुरुवातीचे बरेचसे पैसे आईवडिलांनी घातले. घाऊक व्यापारी एका वेळी किमान १० पुस्तके मागवा म्हणत. त्यावर कंपनीने शोधलेली युक्ती अशी: हवे असलेले एक पुस्तक मागवायचे आणि सोबत दगडफुलावरच्या, कधीच शिल्लक नसणाऱ्या एका पुस्तकाच्या ९ प्रती. एक पुस्तक पोचते आणि बाकीच्यांसाठी दिलगिरीचे पत्र येते. टेबलांसाठी दुकानातून साधी लाकडी दारे आणून त्यांना पाय ठोकले होते. जुलै १९९५ मध्ये विक्री सुरू झाली. पुढच्या वर्षी क्लायनर पर्किन्सचे ८० लाख डॉलर आले आणि मे १९९७ मध्ये कंपनी भांडवली बाजारात उतरली. नफा तेव्हा नव्हताच.

पियर ओमिड्यार यांनी ईबे (मूळ नाव ऑक्शनवेब) ही इंटरनेटवरच्या लिलावाची कंपनी १९९५ साली नोकरी सांभाळून घरून चालवायला घेतली. पहिली वस्तू विकली गेली ती मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. गर्दी वाढताच इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने महिन्याचे शुल्क ३० वरून २५० डॉलर केले. तो खर्च निघावा म्हणून ओमिड्यार यांनी विक्रेत्यांकडून दलाली घ्यायला सुरुवात केली. धंद्याचा पाया असा घातला गेला. होणाऱ्या बायकोच्या पेझ गोळ्यांच्या डब्यांच्या छंदापायी ईबे जन्मली, ही वर्षानुवर्षे छापून आलेली गोष्ट मात्र वार्ताहरांसाठी कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने रचली होती.

गूगलचे गॅरेज तर सगळ्या तयारीनंतर आले. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन हे स्टॅनफर्डचे पीएच.डी.चे विद्यार्थी. कोणत्या पानाला इतर किती आणि कोणती पाने दुवा देतात यावरून त्याचे वजन ठरवणारी त्यांची पद्धत विद्यापीठातल्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पातून निघाली आणि त्या प्रकल्पाला नॅशनल सायन्स फाउंडेशनचे, म्हणजे सरकारी, अनुदान होते. पेटंट विद्यापीठाच्या नावावर झाले. ते वापरण्याच्या परवान्याबद्दल स्टॅनफर्डला गूगलचे सुमारे १८ लाख भाग मिळाले आणि २००५ पर्यंत त्यांच्या विक्रीतून ३३.६ कोटी डॉलर आले. ऑगस्ट १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे एक संस्थापक अँडी बेख्टोल्सहाइम यांनी एका प्राध्यापकांच्या घरी दाखवलेले प्रात्यक्षिक पाहिले आणि जागेवर १ लाख डॉलरचा धनादेश 'गूगल इनकॉर्पोरेटेड'च्या नावाने फाडला. त्या नावाची कंपनीच नव्हती, त्यामुळे ती नोंदवून बँकेत खाते उघडेपर्यंत धनादेश खणात पडून राहिला. सप्टेंबरमध्ये मेन्लो पार्कमधल्या सुझन वोजिस्की यांचे गॅरेज महिना १,७०० डॉलरने घेतले. त्यांना घराच्या कर्जाच्या हप्त्याला हातभार हवा होता. मुक्काम ५ महिन्यांचा. जून १९९९ मध्ये क्लायनर पर्किन्स आणि सिकोया यांनी मिळून अडीच कोटी डॉलर घातले. हे गॅरेज गरजेपेक्षा रिवाजाचे होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

नंतर रिवाजही बदलला. २००५ साली सुरू झालेल्या वाय कॉम्बिनेटरने नवख्या संस्थापकांना थोडे बीजभांडवल आणि काही महिन्यांचे मार्गदर्शन द्यायला सुरुवात केली. २००६ पासून ॲमेझॉनच संगणकक्षमता तासाच्या भाड्याने देऊ लागली आणि यंत्रे ठेवायला जागा लागेनाशी झाली.

भारतातील स्थिती

भारतात गॅरेजची जागा फ्लॅटने घेतली, पण अडचण जागेची नव्हतीच. पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेल्या ७ अभियंत्यांनी १९८१ साली इन्फोसिस पुण्यात सुरू केली. सुधा मूर्ती यांनी साठवलेले १०,००० रुपये हे तिचे सुरुवातीचे भांडवल. संगणक आयात करायला परवाना लागे आणि त्यासाठी दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत. टेलिफोनसाठीही थांबावे लागले. त्यामुळे काम मिळाले ते अमेरिकेतल्या ग्राहकाचे, आणि तेही तिथे माणसे पाठवून. १९८३ साली कंपनी बंगळुरूला हलली. तिचे भाग बाजारात आले १९९३ मध्ये.

पालो आल्टोतल्या एचपीच्या प्रयोगशाळेत काम केलेले आनंद देशपांडे १९९० साली पुण्याला परतले आणि त्यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. ही कंपनी बाजारात उतरायला २०१० साल उजाडले. अमेरिकी वेग गाठला तो मुंबईच्या रेडिफने. अजित बाळकृष्णन यांनी १९९६ साली सुरू केलेले हे संकेतस्थळ जून २००० मध्ये थेट नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावर नोंदले गेले, इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटायला सुरुवात झाल्यानंतर तीनच महिन्यांनी.