पत्रं नॉर्वेत, पेट्या अमेरिकेत : नॉर्वेजियन स्थलांतरितांच्या वारशाची पार्श्वभूमी

४ जुलै २०२५ रोजी नॉर्वेच्या स्टॅव्हंगर बंदरातून एक छोटं शिडाचं जहाज अमेरिकेच्या दिशेनं निघालं. बरोबर दोनशे वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, त्याच बंदरातून निघालेल्या ‘रेस्टोरेशन’ जहाजाची ही प्रतिकृती. १८२५ च्या त्या प्रवासापासून नॉर्वेतून अमेरिकेत झालेल्या संघटित स्थलांतराची सुरुवात मानली जाते. द्विशताब्दीच्या निमित्तानं पहिल्या प्रवाशांबद्दल बरंच लिहिलं गेलं. त्यांच्याविषयी आपल्याला इतक्या बारकाईनं माहिती आहे, ती कुणीतरी जपली म्हणून. ती कुणी जपली आणि कुठल्या परिस्थितीत, याचा मागोवा घेणं मला तितकंच मोलाचं वाटतं.

या वारशाची मूळ अडचण अशी, की तो पहिल्यापासूनच दोन किनाऱ्यांवर विभागला गेला. स्थलांतरितांनी अमेरिकेतलं आपलं जगणं पत्रांतून लिहून काढलं, पण ती पत्रं गेली नॉर्वेला. नॉर्वेतल्या घरांतल्या वस्तू मात्र लाकडी पेट्यांत भरून अमेरिकेत आल्या. म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाची कागदपत्रं नॉर्वेतल्या माळ्यांवर आणि नॉर्वेच्या लोकजीवनाचा ऐवज अमेरिकेतल्या शेतघरांत. पुढच्या शंभर वर्षांतलं जतनाचं बरंचसं काम हे दोन भाग जुळवण्याचंच आहे.

आधी थोडं स्थलांतराविषयी. ‘रेस्टोरेशन’वर ५२ माणसं होती, वाटेत एक मूल जन्मलं आणि ९ ऑक्टोबरला ५३ जण न्यूयॉर्कला उतरले. त्यांत बरेच जण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे किंवा त्या पंथाकडे ओढा असलेले होते. नॉर्वेतल्या सरकारी लुथरन चर्चच्या चौकटीत त्यांची घुसमट होत होती. अमेरिकी कायद्याप्रमाणे एवढ्या लहान जहाजात इतके प्रवासी आणणं गुन्हा होता, म्हणून जहाज जप्त झालं आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी माफी दिली. पहिली वस्ती न्यूयॉर्क राज्यात ओन्टारिओ सरोवराकाठी झाली. आधीच येऊन जागा हेरून ठेवणारे क्लेंग पेर्सन यांनी १८३४ च्या सुमारास लोकांना इलिनॉयमधल्या फॉक्स नदीकाठी नेलं. तिथून विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा आणि डाकोटाचा प्रदेश असा ओघ पश्चिमेकडे सरकत गेला.

धर्माचं कारण लवकरच मागे पडलं, जमिनीचं उरलं. नॉर्वेत शेतीयोग्य जमीन जेमतेम तीन-चार टक्के. एकोणिसाव्या शतकात लोकसंख्या झपाट्यानं वाढली. थोरल्या मुलाला शेत मिळायचं, धाकट्यांच्या आणि दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळांच्या वाट्याला काही येत नसे. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं अमेरिकेत पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळू लागली. एकट्या १८८२ साली २८ हजारांहून अधिक माणसं नॉर्वे सोडून गेली. शंभर वर्षांत ही संख्या आठ लाखांवर पोचली. त्या काळच्या नॉर्वेची लोकसंख्या पाहता याहून मोठ्या प्रमाणात माणसं गेली ती युरोपात फक्त आयर्लंडमधून.

ही सगळी हालचाल पेटती ठेवली पत्रांनी. नॉर्वेत त्यांना ‘अमेरिकेची पत्रं’ म्हणत. एक पत्र आलं की ते गावभर फिरायचं, हातानं उतरवून घेतलं जायचं, कधी वर्तमानपत्रातही छापलं जायचं. पत्रात गव्हाचा भाव, मजुरीचा दर, गाईंची संख्या आणि कॉलऱ्यानं गेलेल्यांची नावं असायची. बायकांनी लिहिलेल्या पत्रांत बाळंतपणं, एकटेपणा, शेजारीण मैलभर लांब असल्याचं दुःख येतं. इतिहासकाराला याहून चांगलं साधन सापडणं अवघड. पण लिहिणाऱ्याला वाटत होतं, आपण फक्त आईला खुशाली कळवतो आहोत.

पेट्यांचंही तसंच. रंगीत फुलापानांची नक्षी काढलेली, वर मालकाचं नाव आणि साल घातलेली ती पेटी आधी बहुधा लग्नाची किंवा घराण्याची असे. प्रवासासाठी तिच्यात सुकवलेलं मांस, कडक पातळ भाकऱ्या, चरखा, अवजारं आणि बायबल भरलं जायचं. अमेरिकेत पोचल्यावर तिचा धान्याचा कणगा व्हायचा किंवा ती गोठ्यात जायची. तिचं मोल पहिल्यांदा ओळखलं आयोवातल्या डेकोरा गावच्या लुथर कॉलेजनं. १८६१ मध्ये सुरू झालेल्या या कॉलेजात १८७७ पासून वस्तूंचा संग्रह जमू लागला. पुढे जुनी लाकडी घरंसुद्धा उचलून आवारात आणली गेली. आज ‘वेस्टरहाइम’ या नावानं स्वतंत्र उभ्या असलेल्या या संग्रहालयात तीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. राजेरजवाड्यांच्या नव्हे, साध्या शेतकरी कुटुंबांच्या वस्तू एकोणिसाव्या शतकातच जमवायला घेतल्या, ही दूरदृष्टी मला फार मोठी वाटते.

मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जपण्याची निकड फारशी कुणाला नव्हती, कारण भाषा जिवंत होती. चर्चमधलं प्रवचन नॉर्वेजियन, डेकोरातून १८७४ पासून निघणारं ‘डेकोरा-पोस्टेन’ हे वर्तमानपत्र नॉर्वेजियन, विम्यापासून नाचगाण्यापर्यंत सगळं करणारी १८९५ ची ‘सन्स ऑफ नॉर्वे’ ही संघटनाही नॉर्वेजियन. नॉर्वेतल्या एकेका खोऱ्याचे लोक आपापली मंडळं काढू लागले होते. वाल्द्रेस खोऱ्यातल्यांचा पहिला मेळावा १८९९ मध्ये मिनियापोलिसला भरला. ही मंडळं वार्षिक अंक काढत आणि त्यात म्हाताऱ्यांच्या आठवणी छापत. त्यातल्या कित्येक आठवणींची दुसरी नोंद कुठेच नाही.

पहिल्या महायुद्धानं हे चित्र पालटलं. अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि इंग्रजीखेरीज कुठलीही भाषा संशयास्पद ठरली. २३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं : शाळेत, सार्वजनिक जागी, आगगाडीत, टेलिफोनवर फक्त इंग्रजी बोलायचं. प्रवचनही इंग्रजीतच. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी घरी प्रार्थना करावी. डिसेंबरात फर्मान मागे घेतलं गेलं, पण घाव बसला होता. मुलांशी इंग्रजीतच बोलायचं, असं अनेक घरांनी ठरवून टाकलं. १९२४ च्या कायद्यानं नव्या स्थलांतरितांचा ओघही आटवला. पुढे १९४६ मध्ये तर नॉर्वेजियन-अमेरिकनांच्या चर्चनं आपल्या नावातला ‘नॉर्वेजियन’ हा शब्दच काढला.

या पार्श्वभूमीवर १९२५ ची शताब्दी आली. जूनमध्ये मिनेसोटाच्या जत्रा मैदानावर प्रचंड सोहळा झाला, राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज भाषणाला आले, टपाल खात्यानं ‘रेस्टोरेशन’चं चित्र असलेलं दोन सेंटचं तिकीट काढलं. तिथे सांगितला गेलेला इतिहास अभिमानाचा होता आणि आम्ही पक्के अमेरिकन आहोत हे पटवणाराही. टिकाऊ काम झालं ते त्या वर्षीच्या ऑक्टोबरात. नॉर्थफील्डच्या सेंट ओलाफ कॉलेजात नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनची स्थापना झाली. कादंबरीकार ऊले रोल्वाग तिचे चिटणीस झाले, तर संपादनाची धुरा थिओडोर ब्लेगन यांच्याकडे आली. थोरामोठ्यांची चरित्रं गौरवानं लिहिणं हे आपलं काम नाही, मूळ कागद शोधून, तपासून छापायचे, ही शिस्त ब्लेगन यांनी लावली. आणि पत्रं कुठे आहेत हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते नॉर्वेत गेले आणि तिथल्या ग्रंथालयांतून, जुन्या वृत्तपत्रांतून, घराघरांतून अमेरिकेची पत्रं जमवली.

उलट दिशेनंही हात पुढे आला. लिलेहामरच्या खुल्या संग्रहालयाचे संस्थापक आंदेर्स सान्विग यांच्या पुढाकारानं नॉर्वेतल्या संग्रहालयांनी आपल्या वस्तू शताब्दीची भेट म्हणून डेकोराला पाठवल्या. त्यामुळे स्थलांतरितांनी आणलेली वस्तू आणि मायदेशी राहिलेली तिची बहीण शेजारी ठेवून पाहता येते.

बोली जपण्याचं श्रेय आयनार हाउगेन यांचं. ते आयोवात स्थलांतरितांच्याच घरी जन्मले. विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवत असताना १९३० आणि ४० च्या दशकांत ते ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन शेतांवर गेले आणि म्हाताऱ्यांची बोली टिपली. नॉर्वेत बदललेली रूपं काही ठिकाणी अमेरिकेत शाबूत होती, सोबत इंग्रजी शब्दांना नॉर्वेजियन प्रत्यय लागलेले होते. ही मुद्रणं आणि २०१० नंतर नव्यानं टिपलेले आवाज आज ओस्लो विद्यापीठाच्या संग्रहात ऐकता येतात.

घराण्यांचा शोध हा या कामाचा सर्वांत लोकप्रिय भाग आणि सर्वांत गुंतागुंतीचाही. नॉर्वेजियन नाव आपल्याकडच्यासारखंच असे : स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आपल्या ‘कर’वाल्या आडनावांसारखं ठिकाणाचं, म्हणजे शेताचं नाव. फरक असा, की माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की ते तिसरं नाव बदलायचं. अमेरिकेत उतरल्यावर एका भावानं वडिलांचं नाव आडनाव म्हणून घेतलं, दुसऱ्यानं शेताचं. पुढच्या पिढ्यांना ते भाऊ होते हेच कळेना. मॅडिसनमधले ग्रंथपाल गेरहार्ड नेसेथ यांनी आयुष्यभर या गाठी सोडवल्या. १८५० पर्यंत आलेल्या स्थलांतरितांची त्यांनी रचलेली सूची आजही अभ्यासाचा पाया आहे. त्यांनी १९७४ मध्ये सुरू केलेलं वंशावळ केंद्र अजून चालू आहे. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं चर्चच्या नोंदवह्या आणि जनगणना इंटरनेटवर मोफत खुल्या केल्यामुळे हे काम पुष्कळ सुकर झालं.

एक बाजू मात्र दीर्घकाळ या संग्रहांच्या बाहेर राहिली. विस्कॉन्सिनची बरीचशी जमीन हो-चंक या मूळ रहिवाशांची होती, मिनेसोटाची बरीचशी डाकोटा या मूळ रहिवाशांची. मिनेसोटात १८६२ मध्ये डाकोटा आणि अमेरिकी सरकार यांच्यात झालेल्या युद्धात नॉर्वेजियन कुटुंबं मारली गेली. त्यांची स्मारकं लवकर उभी राहिली. युद्धानंतर मिनेसोटातून हाकलल्या गेलेल्या डाकोटांचं नाव तिथे शत्रू म्हणून आलं. १९०४ मध्ये नॉर्थ डाकोटातली स्पिरिट लेक ही डाकोटांची राखीव भूमी बाहेरच्यांना खुली झाली, तेव्हा तिथे जमीन घेणाऱ्यांत नॉर्वेजियन मोठ्या संख्येनं होते. जमिनीच्या भुकेनं आलेल्यांना दुसऱ्यांची हिरावलेली जमीन मिळाली, हे गेल्या काही दशकांतल्या अभ्यासांनी स्पष्ट मांडलं आहे. जुन्या शताब्दीच्या भाषणांपेक्षा हा इतिहास अधिक खरा आहे, असं माझं ठाम मत आहे.

सर्वांत नाजूक अवस्था आज पत्रांचीच आहे. नॉर्वेत ओर्म ओवरलांड यांच्यासारख्या अभ्यासकांनी निवडक पत्रांचे अनेक खंड संपादित केले, पण अमेरिकेतल्या घरांत नॉर्वेहून आलेली उत्तरं अजून पडून आहेत. ती जुन्या गॉथिक वळणात लिहिलेली, वाचणारे मोजके. नव्या पिढीला भाषा येत नाही, म्हणून घर रिकामं करताना पेटी ठेवली जाते आणि आतले कागद टाकून दिले जातात. त्यामुळे या संस्थांचे ग्रंथपाल देणगीदारांना विनवतात, की वाचता येत नसले तरी कागद आधी आमच्याकडे पाठवा.